पडद्याला सात सेकंद

कुशिरोत धुकं उन्हाळ्यातही उतरतं.
मासळीच्या कारखान्यातली माझी पाळी पहाटे चारला सुटते,
घरी येतो, हाताचा वास तीनदा धुतो,
मग वही उघडतो.

वहीत आजवर सहाशे बारा ॲनिमे.
दहापैकी दहा कुणालाच नाहीत.
साडेनऊ एकीला.
त्यात एक म्हातारा भागभर
नुसती कंदिलाची काच पुसतो
आणि इकडे माझा चहा गार होतो.

पाऊस पडतोय आणि खांदे कोरडे, तर अर्धा गुण कापला.
भूक भूक करणारी मुलगी जेवताना दिसलीच नाही, एक.
मेलेला शेवटच्या भागात परत आला, दोन,
आणि केसही न विस्कटता आला तर तीन.
यंत्रमानवांवर माझा राग नाही,
पण त्यांचे गुडघे कधी कुरकुरत नाहीत
हे बर्फात आठ तास उभं राहणाऱ्याला कसं पटावं?

देताना मात्र हात आखडत नाही.
भाताची वाफ चष्म्यावर धरली, घे एक.
बूट चढवताना टाच अडकली, घे.
दोघं भांडून गप्प झाली
आणि मागे फ्रिजने घरघर सुरू केली,
तिथे तर मी उठून उभा राहतो.

कारखान्यातला नवा पोरगा तोबितानी विचारतो,
कुठून सुरुवात करू?
मी आधी विचारतो, झोप लागते का?
न लागणाऱ्याला दीपगृहाची मालिका.
प्रेमभंगवाल्याला बेसबॉलची,
म्हणजे रडताना पकडला गेला तर सामना हरल्याचं सांगता येतं.
लग्न ठरलेल्याला काहीच नाही, त्याला वेळ कुठला!

तोबितानीला सांगितलं, मिठाच्या राजकन्येची बघ.
गोष्ट भंपक, राजकन्या सदानकदा किंचाळते,
वहीत तीन गुण आहेत, तेही संगीताला.
"मग बघू कशाला?"
अकरावा भाग, एकोणिसावं मिनिट.
ती खोलीतून निघून जाते
आणि पडदा हलतो.
सात सेकंद.
वारा आत येतो, त्याचा विचार बदलतो, परत जातो.
बस्स.

तो पडदा माझ्या बहिणीने काढलाय.

मिफुयु बाविसाव्या वर्षी तोक्योला गेली.
पहिलं चित्र दुसऱ्या कुणाचं, शेवटचंही दुसऱ्याचं,
मधली सगळी हिची.
एका कागदाला दीड ओनिगिरीचे पैसे.
शेवटच्या नामावळीत चाळीस नावांच्या रांगेत तिचं नाव
भरभर वर सरकून गेलं असणार.
मी नामावळी बघत नसे.
उलट त्याच महिन्यात फोनवर तिला ऐकवलं,
काय टाकाऊ मालिका पाहिली म्हणून सांगू!
ती म्हणाली, "हो का,"
आणि आईच्या खोकल्याचं विचारलं.

आता ती इथेच, ड्रायव्हिंग शाळेच्या खिडकीवर बसते.
उजव्या मनगटाला पट्टा,
बरणीचं झाकण डाव्या हाताने उघडते.
मागच्या हिवाळ्यात कोतात्सूत पाय घालून
आम्ही संत्री सोलत होतो, टीव्हीवर तीच राजकन्या.
पडदा हलला तशी मिफुयु म्हणाली,
"हा माझा."
कुणी दारातली छत्री ओळखावी तशी.

मी वही काढली, खोडरबर शोधू लागलो.
तिने सालांच्या ढिगावरून हात धरला.
"राहू दे. तीनचीच आहे ती.
मी तर अडीच दिले असते."

तेव्हा तीन ते तीनच.

परवा जेवणाच्या सुट्टीत तोबितानी म्हणाला,
बघितली. भयंकर आहे.
मग हातमोजे उलटे करत, खाली बघत,
"चारदा मागे नेऊन पाहिलं.
खिडकी कुठे दाखवलेलीच नाही हो त्यात,
तरी मला गार लागलं."

मी म्हटलं, आता दीपगृहाची बघ.
झोप लागेल.